जाम झालेला बोल्ट: तेल, ठोका, ज्योत की ग्राइंडर?

गाडीखालचा गंजलेला बोल्ट घरच्या घरी सोडवायचा असेल, तर झिरपणारे तेल, ठोका, उष्णता आणि सरळ कापून टाकणे असे चार मार्ग हाताशी असतात. कोकणच्या खाऱ्या हवेत काही पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीला त्यांपैकी एखादा लागतोच. निवड करताना बोल्ट किती घट्ट आहे यापेक्षा तो तुटला तर काय होईल, हे आधी पाहावे. आरपार गेलेला नट-बोल्ट तुटला तर नवा घालता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन-हेडमध्ये बसलेला स्टड, म्हणजे डोके नसलेला बोल्ट, मुळाशी तुटला, तर अर्ध्या तासाचे काम लेथवाल्याकडे जाते.

अशा ठिकाणी तेल हाच पहिला पर्याय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमधली फट भरून टाकतो. तिथे तेल शिरायला वेळ लागतो. म्हणून उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करून संध्याकाळी तेल मारावे, सकाळी पुन्हा मारावे आणि मगच पाना लावावा. घरोघरी असणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात ओल हटवण्यासाठी बनवले गेले. गंज सोडवण्यासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घेतलेले बरे. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर मात्र त्याचा थेंबही उडू देऊ नये.

वेळ नसेल तर ठोका. लांब दांड्याच्या पान्याने सलग जोर लावला की बोल्ट पिळला जातो, तर हातोडीचे डोक्यावरचे नेमके घाव किंवा इम्पॅक्ट रेंचचे छोटे धक्के गंजाची पकड तोडतात. त्यामुळे या दोहोंत माझा कौल धक्क्याला आहे. पान्याची बारा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, गंजलेले डोके चटकन गोल करते, म्हणून सहा कोनांचीच वापरावी. गाडी केवळ जॅकवर असताना लांब दांड्यावर जोर देणे मात्र जिवावर बेतू शकते. आधी स्टँड लावावेत.

ज्योत तेलापेक्षा कितीतरी वेगाने काम करते, पण तिच्या अटीही अधिक आहेत. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. १४ मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले, तर जेमतेम ०.०५ मिलिमीटरने मोठे होते. तेवढ्यानेही गंजाचा थर तडकतो. तथापि जवळ सांध्यात बसवलेला रबरी बुश, ब्रेकचा होज किंवा इंधनाची नळी असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत धरल्यास विषारी वायू तयार होतो. लालबुंद तापवलेला उच्च ताकदीचा बोल्ट पुन्हा वापरू नये, कारण त्याचे टेम्पर, म्हणजे पोलादाला दिलेली ताकद, उतरलेले असते.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बोल्ट या सर्वांना पुरून उरतो. तो फिरतो आहे असे वाटते, पण पाना सोडताच मागे येतो. कारण बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने चिकटलेला असतो आणि फिरते ते रबर. नळीच्या आत तेल फारसे पोहोचत नाही आणि ज्योतीने बुश जळतो. तेथे बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापून नवा बोल्ट आणि नवा बुश घालणे हेच शहाणपणाचे. सायलेन्सरच्या क्लॅम्पचेही तसेच. त्या स्वस्त नटांवर रात्रभर तेल मुरवण्यात अर्थ नाही. फक्त ग्राइंडरच्या ठिणग्या टाकीच्या दिशेने उडणार नाहीत हे पाहावे आणि चष्मा लावावा.

बोल्ट तुटलाच आणि थोडा बाहेर राहिला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घेणे हे तुटका बोल्ट भोक पाडून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरपेक्षा सरस ठरते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सैल होतात. एक्स्ट्रॅक्टर कठीण पोलादाचा असतो. तो आतच तुटला, तर साधा ड्रिल त्यावर चालत नाही.