दोहा ते न्यूयॉर्क, एकटीने: कतार एअरवेजची क्यूस्वीट

बडोद्याहून गाडीने अहमदाबाद, तिथून दोहा, इथवर नेहमीचंच. खरा प्रवास पुढचा, जवळपास १४ तासांचा. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून या वेळी साठवलेले पैसे बिझनेस क्लासला घातले आणि ते पुरेपूर वसूल झाले.

क्यूस्वीट म्हणजे बिझनेस क्लासमधली छोट्या खोलीसारखी बंदिस्त जागा. तिला सरकतं दार आहे. ते लावलं की साठी उलटलेल्या एकट्या बाईलाही पदराची काळजी न करता पाय पसरून झोपता येतं. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं सुख हेच! एकट्याने जाणाऱ्यांनी ‘ए’ किंवा ‘के’ अक्षराची जागा घ्यावी, अगदी खिडकीलगत. तोंड मात्र विमानाच्या शेपटीकडे होतं. गरगरणाऱ्यांनी पुढे तोंड असलेली ‘बी’ किंवा ‘जे’ बघावी.

जेवण आपल्याला हवं तेव्हा मागवायचं. झोप झाल्यावर मी अरबी मेझे, म्हणजे छोट्या छोट्या पदार्थांचं ताट, घेतलं. हमस, म्हणजे काबुली चण्यांची चटणी, लोण्यासारखं मऊ, वर ऑलिव्हच्या तेलाची धार, सोबत गरम रोटी. शाकाहारी जेवण हवं असेल तर आधीच नोंदवा.

तिकीट काढताना विमान कुठलं ते नक्की पाहा. बोइंग ७८७-८मध्ये क्यूस्वीट नसते. बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३५० असलं तरी सीटचा नकाशा उघडून खात्री करा, मगच पैसे भरा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मैत्रिणींनाही मी हेच सांगतेय.