यिर्कालाचं बुकू-लारंगाय मुल्का कलाकेंद्र: झाडाच्या सालीवरचं चित्र घ्यायचं तर इथूनच

ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत मूळनिवासींचं चित्र म्हणून जे टांगलेलं दिसतं, त्यात पर्यटकांसाठीचा बनावट माल भरपूर असतो. अस्सल चित्र हवं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिर्काला गावी असलेलं हे केंद्र आमच्या मते पहिली निवड. १९७६ पासून ते योलंगू, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांच्याच मालकीचं आहे.

इथल्या चित्राकडे सातबाऱ्यासारखं पाहावं लागतं. १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध यिर्कालाच्या लोकांनी संसदेला अर्ज पाठवला, तोही सालीवर, भोवती आपापल्या कुळांच्या नक्ष्या रंगवून. जांबावा मरावीली हे मादार्पा कुळाचे चित्रकार आणि पुढारी. १९९६ मध्ये त्यांच्या कुळाच्या पवित्र जागी, गारंगालीला, बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला आणि तिथे मगरीचं तोडलेलं डोकं. बारू ही मगर या कुळाची पूर्वज. तिनेच अग्नी आणला. मरावीलींनी पुढाकार घेतला आणि सत्तेचाळीस चित्रकारांनी सालींवर ८० चित्रं रंगवली. कुठलं पाणी कुणाचं, हे त्यांत नोंदवलेलं आहे. ती चित्रं आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. पुढे ब्लू मड बे या तिथल्या उपसागराचा खटला हायकोर्टात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जुलै २००८ रोजी निकाल लागला: मूळनिवासींच्या जमिनीवर चढणाऱ्या भरतीच्या पाण्यात त्यांच्या परवानगीशिवाय मासेमारी करता येणार नाही. नॉर्दर्न टेरिटरीचा सुमारे ८० टक्के किनारा त्यात आला. मरावीलींचं चित्र पाहताना चौकटीचौकटींची जाळी दिसली, की ती बारूची आग आहे हे लक्षात ठेवा. ती नक्षी दुसऱ्या कुळाच्या माणसाला मनाला येईल तशी काढता येत नाही. त्यामुळे ‘अमुक चित्रासारखंच, पण निळ्या रंगात’ अशी मागणी इथे करूच नये.

आता मालाविषयी. साल स्ट्रिंगीबार्क नावाच्या निलगिरीची. पावसाळ्यात झाडात रस असतो, तेव्हाच ती अखंड सुटते. बाहेरचा खरबरीत थर काढायचा, विस्तवावर शेकून ती मऊ करायची आणि वजनाखाली सपाट वाळवायची. रंग लाल-पिवळा गेरू, पांढरी माती आणि काळा एवढेच. रंग सालीला धरून राहावा म्हणून त्यात हल्ली लाकूडकामाचा पांढरा गोंद. बारीक रेघा माणसाच्या केसांच्या लांब कुंचल्याने ओढतात. जमीन रंगवायची तर जमिनीतलंच साहित्य वापरायचं, असा इथल्या वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. म्हणून पवित्र नक्षी छापील प्रतींत मिळत नाही. केंद्राचा छापखाना उत्तम आहे, पण तिथले विषय वेगळे.

गैरसोयी आहेतच. साल मुळात खोडाभोवती गोल वाढलेली, त्यामुळे हवेतला ओलावा बदलला की ती पुन्हा वळू पाहते. मागे धातूची पट्टी बसवलेली असेल तर ती काढू नका. काचेवर दाबून फ्रेम केली तर रंगाचे पापुद्रे निघतात, म्हणून खोल पेटीची फ्रेम करा आणि काच चित्रापासून लांब ठेवा. मुंबई-कोकणात बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावलं तर पावसाळ्यात बुरशी येईल. एसीच्या झोतासमोर लावलं तर तडे जातील. ओलं फडकं कधीच नको. धूळ अगदी मऊ, कोरड्या कुंचल्याने, तीही क्वचित. वळलेली साल हाताने दाबून सरळ करणं म्हणजे ती मोडणंच.

फोटोवरून निवडायचं असेल तर एक कोपरा जवळून आणि एक फोटो बाजूने मागवा. समोरच्या फोटोत रेघांची थरथरती चमकही दिसत नाही आणि सालीचा बाकही. उशीर होऊ शकतो. गावात अंत्यविधी सुरू असले की कामं थांबतात, आणि ते तसंच असायला हवं.

चित्रासोबत येणारा कागद नीट तपासा: चित्रकाराचं नाव, कूळ, मापं, नोंदणी क्रमांक आणि चित्राची कथा. कथेत बाहेरच्यांना सांगण्याजोगा भागच असतो, जास्त विचारू नये. नोंदणी क्रमांक मागच्या बाजूवरही आहे ना, ते पाहा. पुढे हे चित्र ऑस्ट्रेलियात गॅलरी किंवा लिलावातून हजार डॉलर किंवा जास्त किमतीला विकलं, तर ५ टक्के हक्काची रक्कम चित्रकाराला किंवा वारसांना जाते. तेव्हा हाच कागद लागतो.