आमच्या भागातल्या आयांचा गट: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

लातुरात औसा रोडच्या बाजूला आमच्या दोन-तीन कॉलन्या मिळून लहान लेकरांच्या आयांचा एक गट आहे. फोनवर साठ-पासष्ट जणी, आणि रविवारी ऊन उतरल्यावर बागेत येणाऱ्या दहा-बारा. लसीकरणाच्या रांगेत ओळख झालेल्या दोघींनी तो सुरू केला. मी बाळंतपणाला माहेरी सेलूला होते. लेक तीन महिन्यांची झाल्यावर फेब्रुवारीत परत आले आणि शेजारच्या वहिनींनी मला त्यात घातलं. आता लेक भिंतीला धरून उभी राहते. म्हणजे अख्खा उन्हाळा आणि पावसाळा या गटाच्या जिवावर काढून झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मत आधीच सांगते. कुठं, कधी आणि कसं या तीन प्रश्नांना हा गट पैकीच्या पैकी. कोणतं औषध आणि किती, याला शून्य. बाकी सगळं या दोहोंच्या मधलं, आणि ते उत्तर कोण देतंय त्यावर.

एप्रिलमधलं एक उदाहरण सांगते. लेक पाच महिन्यांची, पारा चाळिशीच्या पुढं, आणि घरात एकच विषय: लेकराला पाणी द्यायचं का नाही. सासूबाई म्हणायच्या, "घसा कोरडा पडायलाय तिचा, दोन चमचे दिल्यानं काय होतंय?" सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही, हे माता-बाल संरक्षण कार्डावरसुद्धा छापलेलं असतं. पण छापील कागद पुढं धरून सासूशी बोलता येत नाही. मी गटावर टाकलं. मागच्या मे महिन्यात हेच सगळं भोगून बसलेल्या एकीचा लगेच फोन आला. म्हणाली, आईच्या दुधात जवळपास 88 टक्के पाणीच असतं, तहान दिसली की जास्त वेळा पाज, तू स्वतः भरपूर पाणी पी, आणि दिवसभरात लंगोट सहा-सात वेळा ओला होतोय का तेवढं मोज. मग हळूच म्हणाली, "मोजायचं काम सासूलाच दे."

दिलं. दुसऱ्या दिवसापासून आतल्या खोलीतून आवाज यायला लागला, "पाचवा झाला गं!" पाण्याचा विषय तिथंच मिटला.

हे डॉक्टरांनी सांगितलं नसतं असं नाही. त्यांनी पाणी देऊ नका एवढं सांगितलंच होतं. पण बाहेर चाळीस नंबर खोळंबलेले असताना सासूबाईंना कसं सांभाळायचं हे ते कुठं सांगत बसणार? आणि आईला विचारावं तर तीस वर्षांपूर्वीचं तिला चांगलं तेवढंच आठवतं. "तू तर रात्री रडायचीच नाहीस," म्हणते. बाबा म्हणतात, गल्ली जागी करायचीस. म्हणून माझा एक नियम झालाय: उत्तर वाचायच्या आधी उत्तर देणारीचं लेकरू केवढं आहे ते बघायचं. आपल्यापेक्षा चार-सहा महिने पुढं असेल तर शब्द न् शब्द ऐकायचा. तिला सगळं ताजं आठवत असतं, कोणत्या दुकानात काय मिळालं नाही इथपर्यंत. ज्यांची लेकरं शाळेत जातात त्या उपदेश फार करतात.

जवळच्या बायका लागतात त्या अशा गोष्टींना. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच शहर. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी, ते जड. साबणाला फेस येत नाही, आणि लंगोट वाळले की पापडासारखे कडक होतात. माझ्या लेकीच्या मांड्या लाल व्हायला लागल्या. व्हिडिओत एक मॅडम सांगत होत्या की भरपूर वाहत्या पाण्यात तीनदा खळबळा. वाहतं पाणी! गटातल्या बाईनं सांगितलं ते असं: साबण निम्मा कर, पहिलं-दुसरं पाणी बोअरचंच वापर, शेवटचं खळबळणं फक्त नळाच्या साठवलेल्या पाण्यात, आणि वाळल्यावर घडी घालायच्या आधी दोन्ही हातांनी चोळून मऊ कर. अर्धी बादली लागते. आठवडाभरात फरक दिसला.

कूलरबद्दलही तसंच. लेकराच्या अंगावर थेट झोत नको आणि खिडकी थोडी उघडी ठेव, नाहीतर खोली नुसती दमट होते. एवढ्यावर पुष्कळ रात्री निभावल्या.

मे महिन्यात सहा महिने पूर्ण झाले आणि वरचं खाणं सुरू करायचं होतं. फोनवर बघावं तर ओट्स, ॲव्होकॅडो आणि कसली कसली भुकटी. आमच्या घरात पोतं ज्वारीचं. बागेत एकीनं डब्यातून आणलेली खिचडी दाखवली, मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र शिजवून घोटलेली, वर तूप. तिनं चमचा भरला आणि माझ्यासमोर तिरपा केला. खिचडी चमच्याला धरून राहिली, मग सावकाश एका बाजूला सरकली. "एवढी घट्ट पाहिजे. पाण्यासारखी वाहिली तर पोट भरतंय पण अंगाला लागत नाही." मी तोवर वरणाचं वरचं पाणी देणार होते, कारण आमच्या घरात सगळ्यांना तेच दिलेलं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, दूध चालूच ठेवायचं, आणि एक नवीन पदार्थ दोन-तीन दिवस देऊन मगच पुढचा. ज्वारीचं पीठ भाजून केलेली पेज लेकीनं पहिल्यांदा थुंकली. तिसऱ्या दिवशी चमचाच ओढून घेतला.

पावसाळ्यात जुलाबाची साथ आली तेव्हा गट खरा कामाला आला. नवीन पाणी, माशा, घरोघरी एक तरी लेकरू आजारी. ओआरएसची पुडी प्रत्येकीच्या घरात होती, पण अर्ध्याजणी पुडीतलं थोडं-थोडं पेल्यात घालून ढवळत होत्या. गटात आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे सरकारच्या आशा सेविका, आहेत. त्यांनी आवाजी संदेश पाठवला: मोठी पुडी असेल तर अख्खी पुडी एका लिटरात, उकळून गार केलेल्या पाण्यात, एकदाच. थोडं-थोडं मिसळलं की प्रमाण चुकतं. केलेलं पाणी 24 तासांत संपलं नाही तर फेकायचं. झिंकच्या गोळ्या मिळाल्या असतील तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायच्या. आणि लेकरू मरगळलं, पीत नसलं, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं तर गटावर विचारत बसू नका, दवाखाना गाठा, रात्र असेल तर 108. तो संदेश मी जपून ठेवलाय. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली, हीही त्यांचीच युक्ती.

आता जे मला पटत नाही ते.

औषधांचे फोटो. कुणाच्या लेकराला खोकला झाला की दहा मिनिटांत चार सिरपच्या बाटल्या हजर. "आमच्या डॉक्टरनं हेच दिलतं, बिनधास्त दे." त्या लेकराचं वजन वेगळं, दुखणं वेगळं. एकीनं आठ महिन्यांच्या लेकराला मध-तुळस सुचवली. वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो, त्यातल्या जिवाणूंमुळं लहान लेकराला गंभीर विषबाधा होऊ शकते. आशाताईंनी ते लिहिलं, तर वरून उत्तर, "आम्ही बोटभर चाटवलाच की, काय झालं?" गुटी, ग्राइप वॉटर, काजळ यांवर तर दर महिन्याला एक भांडण ठरलेलं. मी त्या दिवशी फोन उलटा ठेवते. दोघी चालवणाऱ्यांनी औषधाचं नाव टाकायचं नाही असा नियम केलाय, तो पाळला जातो साधारण चार दिवस.

दुसरं, वजन. "आमचा नऊ किलो झाला" हे वाक्य ज्या दिवशी येतं त्या दिवशी निम्म्याजणींची झोप जाते. अंगणवाडीत वजन करून कार्डावरच्या रेषेवर ठिपका देतात, तो ठिपका आपल्याच रेषेनं वर चढतोय ना, एवढं बघायचं असतं. शेजारणीच्या लेकराशी त्याचं देणंघेणं नाही. पण हे लातूर आहे. इथं अजून दात न आलेल्या लेकरांच्या आया कुठल्या शाळेतून पुढं डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा पाया चांगला होतो याची चर्चा करतात. मी स्वतः वाचलंय.

साड्यांचे फोटो, विम्याच्या जाहिराती, सकाळचे सुविचार यांबद्दल लिहीत नाही. तो त्रास सगळ्याच गटांना.

जवळचा गट असण्याचा एक तोटा मात्र मोठा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. इथं लिहिलेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. एकीनं रात्री लिहिलं की घरात कुणी लेकराला धरत नाही. दुसऱ्या दिवशी तिची नणंद तिला विचारत होती की आमची बदनामी कामून करायलीस. तेव्हापासून तसलं कुणी लिहीत नाही. उगाच रडू येतं, लेकराजवळ जावंसं वाटत नाही, झोप येत नाही, हे बाळंतपणानंतर अनेकींना होतं आणि आठवडे टिकलं तर उपचार लागतात. पण आमच्या गटावर हा विषय म्हणजे शुकशुकाट. बागेत बसल्यावर मात्र निघतो, लेकरं गवतावर सोडली की. एकीला तिथंच कुणीतरी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीच्या मदतीचा, 14416 हा नंबर दिला. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि फोन केल्याचं कॉलनीत कळत नाही. म्हणून कुणी मला विचारलं तर सांगते: फोनवरच्या गटात प्रश्न विचार, मनातलं बोलायला रविवारी ये.

आणि साठजणींत ज्या नाहीत त्यांचं काय? झोळी बांधायची योग्य रीत मला गटातून मिळाली नाही. आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींनी दाखवली. साडी चौपदरी घेतली, आढ्याच्या कडीला गाठ मारली, गाठीला लोंबकळून स्वतःचं वजन दिलं, मग आत एक आडवी काठी घातली म्हणजे कापड तोंडावर मिटत नाही आणि वारा खेळतो. खाली जमिनीपासून वीतभरच अंतर. त्यांच्या सुनेला चार महिन्यांचं लेकरू आहे. ती ऊसतोडीला जाऊन आलेली, तिच्याकडं साधा फोन. तिला गटात घ्या म्हटलं तर चालवणाऱ्या म्हणाल्या, कसं घ्यायचं सांगा. बरोबरच आहे, पण बागेत यायला फोन लागत नाही. आता ती येते, बोलते कमी.

बाप एकच आहे गटात. त्याची बायको पोलिसात, रात्रपाळी असली की लेकरू त्याच्याकडं. सुरुवातीला दोघी-तिघींनी कुरकुर केली की पुरुषासमोर दुधाचं कसं बोलायचं. त्यानं बिचाऱ्यानं आपणहून सांगितलं, तसलं काही असलं तर मी न वाचता पुढं जातो. लस टोचल्यावर ताप आला तर काय-काय विचारायचं याची यादी गटात सगळ्यात नीट त्यानंच केलीय. माझ्या नवऱ्याला मी ती दाखवली. तो म्हणाला, छान केलीय.

मला स्वतःला गटाचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो नोकरीवर परत जाताना. पहिल्या दोन लेकरांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून आहे, ती माझी मे महिन्यात संपली. आमचं ऑफिस लहान. पाळणाघराची सोय करायचं बंधन 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आमच्याकडं तेवढी नाहीत. साहेब म्हणाले, घरून कुणीतरी सांभाळतीलच की. गटात एक वकील आहे, तिनं सांगितलं की लेकरू 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या, नेहमीच्या जेवणाच्या सुटीशिवाय, कायद्यानंच मिळतात. असा अर्ज कसा लिहायचा तेही तिनंच सांगितलं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

दूध काढून ठेवायचं शिकवलं ते एका नर्सनं. पुस्तकात खोलीत चार तास टिकतं लिहिलेलं असतं, पण ती 25 अंशांची खोली. आपल्याकडं मे महिन्यात तसली खोली कुठली! काढलं की थेट फ्रिजमध्ये, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागं. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही. पाजताना वाटी-चमचा, बाटली नको. सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, उकळून घेतलं आणि तेच चालू आहे.

सासूबाईंचे गुडघे जून महिन्यात आखडले. तेव्हा गटातल्याच तिघींनी मिळून एक मावशी ठेवली. लेकरं तीन, घरं तीन, आठवडा-आठवडा पाळी. ज्या घरी पाळी, त्या घरची आजी नजर ठेवायला. पैसे तिघींत सारखे. ज्या लेकराला ताप असेल ते त्या दिवशी येत नाही, पैसे मात्र द्यायचेच, हे आधीच ठरवून घेतलं म्हणून अजून वाजलं नाही. दुपारी तिघंही एकाच सतरंजीवर झोपल्याचा फोटो येतो. दिवाळीत मावशी गावाकडं जाणार आहेत, निलंग्याला. त्या आठवड्याचं अजून कुणाचंच ठरलेलं नाही, रविवारी बसू तेव्हा बघू.