गॅस गिझर, दोन हिवाळे आणि तो सेलचा डबा

गिझरचं ठिणगी पाडणारं १८०० रुपयांचं सर्किट बदला म्हणून सर्व्हिसवाल्याने सांगितलं होतं. गिझर आज त्याच जुन्या सर्किटवर पेटतोय, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. सहा लिटरचा, नळ सोडला की पेटणारा, ही माहिती सगळ्यांना आहेच.

ऐन नरकचतुर्दशीला पहाटे पोरं उटणं लावून उभी, आणि गिझर ढिम्म. बऱ्याच फोनाफोनीनंतर सर्व्हिसवाला आला. पुढचा पत्रा काढला, आत डोकावला आणि म्हणाला, "सर्किट गेलंय काका." मीटर लावून दाखव की, म्हटलं, तर मीटर आणलं नव्हतं. व्हिजिट चार्ज मात्र रोख घेऊन गेला.

या गिझरला नुसता कान द्यायचा असतो. नळ सोडल्यावर टक-टक आवाज येतोय पण पेटत नाही, तर गॅस बघा: सिलिंडर, रेग्युलेटर, कॉक. (वास येत असेल तर पेटवायच्या भानगडीत न पडता आधी रेग्युलेटर बंद करा.) पेटून लगेच विझतोय, तर बर्नरवरची सेन्सरची काडी बहुधा काजळलेली असते. आणि आवाजच नसेल तर आधी दोन गोष्टी, पाण्याचा जोर आणि सेल. आत एक रबरी पडदा असतो, पाण्याच्या दाबाने तो सरकला की बटण दाबलं जातं, मग सेलच्या जोरावर ठिणगी. टाकी गिझरच्या फार वर नसेल किंवा पाणी आत शिरतं तिथली जाळी क्षाराने भरली असेल, तर तो पडदा हलतच नाही. बोअरचं पाणी टाकीत सोडणाऱ्यांनी ती जाळी अधूनमधून धुवावी.

आमच्याकडे आवाज नव्हता, पाणी मात्र जोरात. म्हणजे सेल. आणि इथेच हा गिझर बनवणाऱ्याला माझा दंडवत! सेलचा डबा अगदी खालच्या अंगाला, पाण्याच्या जोडणीला खेटून. वायसर जरा ढिला पडला की थेंब थेट डब्याच्या झाकणावर. उघडला तर एक सेल गळलेला, पितळी पट्टीवर हिरवट थर. सोलापुरात मार्चनंतर गिझर लावतो कोण? उन्हाळ्यात टाकीचंच पाणी अंगावर घेववत नाही. तेवढे महिने सेल आत कुजत बसतात. वापर नसताना सेल काढून ठेवा, असं पुस्तकात आहे म्हणे, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यापेक्षा डबाच वर बसवला असता तर काय बिघडलं असतं?

पट्टी पॉलिश पेपरने घासली, कोरडी पुसली, दीड व्होल्टचे दोन मोठे अल्कलाइन सेल टाकले. टक-टक, भप्प. पेटला.

इथवर लिहिलं तेव्हा एकच स्टार द्यायचा ठरवलं होतं. पण जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं आणि मत बदलावं लागलं. एकामागून एक आंघोळी, मध्येच लाईट गेली, तरी पाणी कडकडीत. वीस मिनिटं सलग चालला की आपोआप बंद पडतो, ती सुरक्षेची सोय आहे; नळ बंद करून परत सोडायचा. बंबाचं कौतुक सांगणारे आमचे अण्णासुद्धा गप्प बसले.

आमचा गिझर मागच्या बोळात उघड्यावर आहे. पाइपचे पैसे वाचतात म्हणून बाथरूमच्या आत बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आतल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. मी चहाचा हिशोब ठेवणारा माणूस, पण पाइपला पैसे मोजले.

तर तीन स्टार. कापलेले दोन्ही त्या डब्याचे. घ्यायचाच असेल तर दुकानात खाली वाकून डबा कुठे आहे ते बघा, आणि वरच्या बाजूला डबा असलेला कुठला मिळाला तर मलाही कळवा.