प्लेबॅक चालू आहे का: स्लाइस क्रमांक बघावा की थेट विचारावं?

इमेजजे या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम-लॅप्स (ठरावीक वेळाने टिपलेल्या फ्रेमची मालिका) चालू आहे, बघणारा हव्या त्या फ्रेमवर तो थांबवणार आणि मग मॅक्रोने (आपण लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीने) मोजमाप सुरू करायचं. अशा कामात मॅक्रोला प्लेबॅकची स्थिती कळावी लागते. मी दोन्ही रीती वापरल्या आहेत: थोड्या थोड्या वेळाने स्लाइस क्रमांक (समोर दिसणाऱ्या फ्रेमचा क्रमांक) वाचून तो बदलला का ते बघणं, किंवा 'इज' फंक्शनला 'अ‍ॅनिमेटेड' हा शब्द देऊन सरळ हो-नाही विचारणं.

पहिली रीत पटकन सुचते, आणि मालिका लांब, वेग मध्यम असेल तर नीट चालतेही. माझं मन तिच्यावरून उडालं ते 'वेट'मुळे, म्हणजे दोन वाचनांमधल्या विरामामुळे. अ‍ॅनिमेशन सेकंदाला 7 फ्रेमने चाललंय, मालिकाही 7 फ्रेमचीच आणि वेट 1000 मिलिसेकंदांचा, तर एक फेरी पुरी होऊन क्रमांक पुन्हा तोच येतो आणि मॅक्रो समजतो की प्लेबॅक थांबला. वेट 200 वर आणला, तर सेकंदाला एकच फ्रेम दाखवणारी मालिका थांबल्यासारखी वाटते. व्हर्च्युअल स्टॅक (पूर्ण मेमरीत न घेतलेली फ्रेमची मालिका) डिस्कवरून रेंगाळत वाचला जात असेल तरी तेच. उलट कुणी स्लायडर हाताने ओढत असेल, तर प्लेबॅक 'चालू' ठरतो. प्रत्येक फाइलसाठी वेट नव्याने जुळवत बसणं मला फार जाचलं. शिवाय चालत्या प्लेबॅकवर मोजमाप सुरू झालं, तर आकडा नेमका कुठल्या फ्रेमचा, याची खात्रीच राहत नाही.

'इज' मात्र खिडकीची स्वतःची स्थिती वाचतं. चित्रावर क्लिक केलं किंवा बॅकस्लॅश दाबून थांबवलं की उत्तर बदलतं. वेगाशी त्याला देणंघेणं नाही.

ते फक्त सक्रिय (त्या क्षणी निवडलेल्या खिडकीतल्या) चित्राबद्दल सांगतं, हा आक्षेप रास्त आहे. पण स्लाइस क्रमांकही सक्रिय चित्राचाच मिळतो. मी सुरुवातीला 'गेटइमेजआयडी'ने आयडी घेऊन ठेवतो आणि लूपमध्ये आधी तो जुळतो का ते बघतो. जुळला नाही तर काही न करता वाट बघतो. दर वेळी 'सिलेक्टइमेज' करू नये असं मला वाटतं, कारण समोरचा दुसरीकडे काही करत असतो आणि ही खिडकी उगाच पुढे उसळते.

मॅक्रोतून अ‍ॅनिमेशन सुरू करताना 'रन' नको, 'डूकमांड' वापरा. 'रन'ने अ‍ॅनिमेशन सुरू केलं तर ते थांबेपर्यंत मॅक्रो तिथेच अडकतो आणि स्थिती तपासायची वेळच येत नाही. हे दोन्ही रीतींना लागू आहे.

एकाच वेळी अनेक खिडक्यांवर लक्ष ठेवायचं असेल, तर जायथॉनमध्ये (इमेजजेत चालणाऱ्या पायथॉनच्या रूपात) त्या त्या स्टॅकच्या खिडकीला 'गेटअ‍ॅनिमेट' विचारणं कदाचित अधिक सोयीचं पडेल; तिथे सक्रिय चित्राची अट नाही. फक्त खिडकी बंद झालेली नाही ना आणि ती स्टॅकचीच आहे ना, हे आधी तपासावं लागतं. एकाच मालिकेसाठी एवढा खटाटोप मी करत नाही. मॅक्रोतली 'इज'ची ती एक ओळ मला पुरते.