माप झकास, ट्रायल घाईत: नागपुरातल्या जयपूर फूट शिबिराचा अनुभव

फुकट मिळालेल्या वस्तूचा रिव्ह्यू लिहायचा नसतो, असं आमच्या घरचं मत पडलं. बायको म्हणाली, "त्या लोकांनी पाय दिला, अन् तुम्ही त्याच्यात खोड्या काढून राहिले का जी?" काढून राहिलो. नागपूरच्या महाल भागात माझं टेलरिंगचं दुकान आहे. भाच्याला फुकटात शिवून दिलेली पँटही कमरेत घट्ट झाली की ती घट्टच असते.

शुगरपायी माझा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कृत्रिम पाय मिळाला तो एका सेवा क्लबच्या शिबिरात. लायन्स, रोटरी यांच्याच पठडीतला क्लब, म्हणजे डॉक्टर, सीए, बिल्डर, मोठे दुकानदार आणि बरेच रिटायर लोक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्यांना बदनाम करायची माझी इच्छा नाही.

नोंदणी सोपी. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून साहित्य घ्यायचं तर 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशी सगळी फाइल लागते. इथे आधार कार्ड, दोन फोटो आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड एवढ्यावर काम झालं. फोनवर बोलणाऱ्या ताईंनी कागदांच्या आधी जखमेचं विचारलं. पूर्ण भरली का, सूज उतरली का, शुगर आत्ता किती आहे. हे मला आवडलं. शिबिरात माझ्या पुढे उमरेडकडचे एक शेतकरी होते. त्यांच्या टाक्यांतून अजून पाणी येत होतं. त्यांना नुसतं परत पाठवलं नाही, तर आधी काय करायचं ते समजावून ड्रेसिंगची सोय लावून दिली आणि पुढच्या खेपेला नाव टाकून घेतलं. पायांचा आकडा वाढवायचा असता तर त्यांचंही माप घेऊन मोकळे झाले असते.

आता माप. ह्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, ती माझी लाइन आहे. टेक्निशियन पोरगा असेल पंचवीस-सव्वीसचा. त्याने कापून उरलेल्या पायावर पातळ जाळीदार मोजा चढवला, तो ओला केला आणि जांभळ्या पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. आधी गुडघ्याची वाटी, मग तिच्याखालची जाड शीर, मग नडगीचं टोक, आणि बाहेरच्या बाजूला हाडाचा जो बारका उंचवटा असतो तो. प्रत्येक ठिकाणी बोटाने दाबून विचारायचा, "इथं दुखते का काका?" त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि ते घट्ट होईस्तोवर वाटीखालच्या शिरेच्या दोन्ही अंगांना अंगठे रोवून बसला. अंगाचा भार शेवटच्या टोकावर येऊ द्यायचा नाही, तो ह्या शिरेवर आणि बाजूंच्या मांसावर घ्यायचा, असं त्याने सांगितलं. साचा काढून मला दाखवला तर आतल्या बाजूला सगळ्या जांभळ्या खुणा जशाच्या तशा उमटलेल्या. आमच्या धंद्यात खडूची खूण दोन पल्ल्यांवर अशी उतरवणारा कारागीर आजकाल भेटत नाही. मापाला दहापैकी दहा.

पुढे त्या साच्यात प्लास्टर ओततात, म्हणजे आपल्या पायाची प्रतिकृती तयार होते. ती जिथे भार घ्यायचा तिथे घासतात आणि जिथे हाड आहे तिथे थोडी चढवतात. मग शेतात पाण्याला वापरतात त्या जातीचा एचडीपीई प्लास्टिकचा पाइप भट्टीत तापवून मऊ करतात आणि तिच्यावर ओढून बसवतात. खालचं पाऊल रबराचं, तेच जयपूर फूट. हे पाऊल 1968 मध्ये जयपूरला तयार झालं. डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन आणि रामचंद्र शर्मा हातांनी काम करणारा कारागीर, दोघांनी मिळून केलं. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचं नाव लोकांना सहसा माहीत नसतं, हे मला टेलर असल्यामुळे जरा जास्त टोचतं. 1975 पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय फुकट बसवते, आणि गावोगावचे क्लब असलीच शिबिरं भरवतात.

वाटपाचा दिवस मात्र बेकार गेला. हॉलला समोर तीन पायऱ्या, रॅम्प नाही. कुबड्यांवर आलेल्या माणसांना क्लबच्या पोरांनी उचलून आत नेलं. पोरं चांगली होती, पण एक लाकडी फळी टाकायला काय जात होतं? संडास भारतीय पद्धतीचा. एका पायावर तिथे कसं बसायचं, हे कार्यक्रम ठरवणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नसावं. पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्ष, माजी अध्यक्ष, भावी अध्यक्ष. आमचे पाय तोवर स्टेजवर टेबलावर ओळीने मांडून ठेवलेले. नाश्त्याला तर्री-पोहा होता, तर्री एक नंबर, त्यात खोट नाही. पण शुगरवाल्यांना जेवणासाठी भाषणं संपायची वाट पाहायला लावू नये.

आणि ह्या सगळ्यात वेळ गेला तो ट्रायलचा. दोन लोखंडी दांड्यांमधून एक फेरी मारली, "बरोबर आहे ना?", हो, सही करा, फोटो, पुढचा. शुगर असलेल्या माणसाला "खुपते का" विचारून फायदा नसतो, त्याला तिथली जाणीवच कमी असते. दहा मिनिटं चालवायचं, पाय उतरवायचा आणि कातडी कुठे लाल झाली ते डोळ्यांनी पाहायचं, ही खरी ट्रायल. ती झाली नाही. एका ताईंनी जाता जाता सांगितलं की रोज रात्री आरसा धरून खालची बाजू पाहत जा. घरी तेच केलं, तर बाहेरच्या त्या उंचवट्यावर लालभडक चट्टा.

फोन केला तर टेक्निशियन मंडळी गावाला परत गेलेली, पुढचं शिबिर थेट पुढच्या वर्षी. इथे मी चिडलो होतो. पण त्याच क्लबातल्या एका काकांचा नंबर मिळाला. ते अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये हीट गन, कानस, स्क्रू-ड्रायव्हर अशी छोटी वर्कशॉपच आहे. त्यांनी चट्ट्यावर लिपस्टिक लावली, पाय घालायला लावला, काढला. आत नेमका कुठे घासतोय तिथे लाल ठिपका उमटला. मग तेवढाच भाग गरम करून आतून लाकडी मुठीने बाहेर ढकलला. थंड झाल्यावर मला परत चालवलं, परत उतरवून पाहिलं. चहा पाजला तो वेगळाच. ह्या काकांना स्टेजवर शाल मिळाली होती की नाही, आठवत नाही. पण क्लबच्या एवढ्या मोठ्या सेवेची दुरुस्ती एका माणसाच्या गॅरेजवर चालते, हे काही ठीक नाही.

वापरून सांगायचं तर पाय दणकट आहे. मांडी घालून बसता येतं, हळूहळू उकिडवंही बसता येतं. बूट लागत नाही, त्यामुळे टेकडीच्या गणपतीला चप्पल काढून आत जाताना अडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत उभा राहिलो, धक्के खाल्ले, पडलो नाही. चितार ओळीहून मेट्रोने बर्डीला जातो, पण चढताना लिफ्ट, जिना नाही. शिलाई मशीनचं पायडल ह्या पायाने मारायचा नाद सोडला. रबराचं पाऊल वाकतं, पण पायडल किती दाबलं ते वर कळत नाही आणि टाके लहान-मोठे पडतात. मोटर बसवली आणि डाव्या पायाने चालवतो.

उन्हाळ्यात मात्र त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर गेला की प्लास्टिकच्या आत घामाचं तळं होतं आणि चालताना पाय आत सरकतो. दुपारी दुकानातच पडदा ओढून काढायचा, पुसायचा, मोजा बदलायचा. क्लबने दोनच मोजे दिले होते. मी जुन्या सुती बनियनचे शिवून घेतले, शिवण बाहेरच्या अंगाला ठेवून, नाहीतर तीच टोचते. पुढे कापलेला पाय बारीक होत गेला की मोज्यावर मोजा चढवावा लागतो, आणि तरी सैल वाटलं तर सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो तो वरचा भाग, नवं लागतं. हे कोणी सांगितलं नव्हतं, काकांनी सांगितलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. माप घेणाऱ्या पोराला आणि गॅरेजवाल्या काकांना वेगळे पाच-पाच. अर्धा स्टार त्या पायऱ्यांपायी कापला, एक ट्रायलपायी.

कोणी जाणार असेल तर हाफ पँट घालून जा, सोबत घरचं माणूस न्या, डबा आणि गोळ्या पिशवीत असू द्या. पाय मिळाला की स्टेजवरून उतरून कोपऱ्यात बसा, थोडं चाला आणि तो काढून कातडी पाहा. लाल दिसलं तर टेक्निशियन सामान बांधायच्या आत त्याला गाठा. आणि सही करायच्या आधी विचारा, दुरुस्तीला कोणाकडे यायचं, कोणत्या वारी. नाव-नंबर कागदावर लिहून घ्या, फ्लेक्सवरचा नंबर अध्यक्षांचा असतो.