मेसा व्हर्डे : वणव्यानंतरच्या पुरातत्त्व पाहणीचे परीक्षण

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डे या प्राचीन वस्त्यांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात १९९६ चा चॅपिन-५ आणि २००० चे बर्चर व पोनी या वणव्यांनंतर जी पुरातत्त्व पाहणी झाली, ती सार्वजनिक सेवा म्हणून जोखायची तर मी तिला वरचा दर्जा देईन.

वणव्यानंतर घाई असते. झाडोरा गेलेला, जागोजागी माती पाणी शोषेनाशी झालेली आणि वादळी पाऊस तोंडावर आलेला असताना, उतारावर ओंडके आडवे टाकून माती अडवण्याचे काम लगेच हाती घ्यावे असे कोणालाही वाटेल. मात्र ओंडका पक्का बसवायचा तर त्याखाली उथळ चर खणावा लागतो आणि तो जुन्या घराच्या जोत्यावरून गेला, तर पावसाने झाले नसते एवढे नुकसान कुदळ करते. म्हणून पुरातत्त्वज्ञ आधी रांगेने उतार पिंजून काढतात आणि खापर किंवा घडीव दगड दिसला की शेजारी छोटे निशाण रोवतात.

उद्यानाच्या सुमारे ९० टक्के भागाची पाहणी पूर्वीच झालेली होती, तरीही या तीन वणव्यांनंतर ५९३ अज्ञात स्थळे उजेडात आली. मला त्याहून मोलाचे वाटतात ते १,१८९ दगडी बांध, ३४४ मजग्या (उतारावर पायऱ्यांसारखे केलेले शेतीचे सपाट पट्टे) आणि पाच जलाशय. आपले कृषी खाते ज्यांना अनगड दगडी बांध म्हणते, त्याच जातीचे हे बांध पुएब्लो या तिथल्या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी सुमारे इ. स. ९०० ते १३०० या काळात घातले. सराईत नजर नसेल तर ते ओघळीत घरंगळलेले दगडच वाटतात, आणि माती वाचवण्यासाठी आलेले मजूर तेच उचलून नव्या बांधाला लावू शकतात.

उणीव आहे ती वेळेची. चॅपिन-५ मध्ये बॅटलशिप रॉक येथील कोरीव चित्रांच्या खडकाचे पापुद्रे सुटले. तिथे नंतरची पाहणी केवळ नोंद घेऊ शकते. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील बँडेलियर या अशाच संरक्षित पुरातत्त्व क्षेत्रात १९७७ च्या ला मेसा वणव्यात पुरातत्त्वज्ञ आग विझवणाऱ्या पथकांबरोबरच होते, आणि माझ्या मते सर्वत्र तसेच व्हायला हवे.

स्थळांचे नेमके ठिकाण जाहीर केले जात नाही, अशी तक्रार काही पर्यटक करतील. ती मला मान्य नाही, कारण झाडोरा जळाल्यावर उघडी पडलेली खापरे चोरट्यांनाही तितकीच स्पष्ट दिसतात.